आयसीयूचं दार कोणासाठी उघडतं?

एप्रिल २०२१ मधली गोष्ट. आमचं गाव मूर्तिजापूर तालुक्यात. एका बाजूला अकोला, दुसऱ्या बाजूला अमरावती. त्यामुळे आजारी माणूस घेऊन निघताना आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: सर्वोपचारला न्यायचं की इर्विनला? त्या महिन्यात हा प्रश्न कोणी विचारत नव्हतं. जिथे खाट मिळेल तिथे न्यायचं. रात्रभर फोनाफोनी करून मोठेबाबांना, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाला, एका दवाखान्याच्या वॉर्डात जागा मिळाली. वय एकोणऐंशी. चाळीस वर्षं बिडी ओढलेली छाती, दोन वर्षांपासून घरातल्या घरात चालतानाही धाप, आंघोळीला मदत लागायची, मूत्रपिंडं थकलेली, आणि त्यात कोरोना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑक्सिजन पुरेना. आम्ही आयसीयूत हलवायची विनंती केली. एक तरुण डॉक्टर आला, त्याने कागद चाळले, मोठेबाबांना तपासलं आणि म्हणाला, "त्यांना इथेच ठेवू." त्यानंतर तासाभरातच बाहेरून आणलेल्या पस्तिशीतल्या एका बाईला त्याच आयसीयूत घेतलं.

"आपल्या माणसाले काहून नाई घेतलं?" माझ्या चुलतभावाने विचारलं. उत्तर द्यायला कोणी थांबलं नव्हतं. मग उत्तर आम्हीच तयार केलं. तिचा वशिला असेल. तिच्या घरच्यांनी पैसे भरले असतील. मोठेबाबा चौथ्या दिवशी गेले. आम्ही तयार केलेलं उत्तर मात्र घरात राहिलं.

मी डॉक्टर नाही. शिक्षण कॉमर्सचं, आयुष्य हिशेब लिहिण्यात गेलं. पण भावाचा तो प्रश्न सोडवत नव्हता, म्हणून वाचायला लागलो. वैद्यकीय संघटनांची मार्गदर्शक तत्त्वं, न्यायालयांचे निकाल, सरकारी आदेश, साथीच्या काळातल्या नोंदी. जिथे समजलं नाही तिथे ओळखीच्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना त्रास दिला. आयसीयूत कोणाला घ्यायचं हे डॉक्टर कसं ठरवतात, याचं जे उत्तर हाती लागलं ते इथे मांडतो आहे. ते उत्तर त्या रात्री आम्हाला कोणी दिलं असतं, तर मोठेबाबा वाचले नसते. पण आम्ही चार वर्षं एका अनोळखी बाईवर राग धरून बसलो नसतो.

हात कमी पडले तेव्हा

आयसीयू ही कल्पना फार जुनी नाही. १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन इथे पोलिओची मोठी साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात रोज नवे रुग्ण येत होते. अनेकांचे श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले. श्वास देणारी यंत्रं मोजकीच होती, आणि यंत्रावर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने वेगळा मार्ग सुचवला. शस्त्रक्रियेच्या वेळी देतात तसा घशाला छेद देऊन नळी घालायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास द्यायचा. त्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी बोलावले गेले. पाळ्या लावून सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी कित्येक आठवडे रात्रंदिवस पिशव्या दाबल्या. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. पुढच्याच वर्षी, १९५३ च्या अखेरीस, इब्सेन यांनी त्याच शहरात गंभीर रुग्णांसाठी वेगळा कक्ष सुरू केला. आजच्या आयसीयूचा उगम तिथे मानतात.

या हकिगतीतल्या दोन गोष्टी पुढे सगळीकडे उपयोगी पडतात. पहिली, पिशवी दाबल्याने पोलिओ बरा होत नव्हता. शरीर आपलं आपण सावरेपर्यंत त्याला सवड मिळत होती. आयसीयू आजही मुख्यतः हेच करतो. व्हेंटिलेटर फुप्फुसाचं काम करतो, काही औषधं रक्तदाब धरून ठेवतात, डायलिसिस मूत्रपिंडाचं काम करतं. मूळ आजार हटणार असेल आणि अवयव पुन्हा उभारी धरणार असतील, तर या उसन्या सवडीचं सोनं होतं. नसतील, तर ती सवड फक्त लांबते.

दुसरी गोष्ट, आयसीयूची खाट म्हणजे नुसता लोखंडी पलंग आणि यंत्र नव्हे. तिच्यामागे हात लागतात. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला प्रत्येक पाळीत जवळजवळ स्वतंत्र परिचारिका हवी असते. इतर गंभीर रुग्णांत दोघांमागे एक चालू शकते. साथीच्या काळात देशभर अनेक जिल्ह्यांत व्हेंटिलेटर पोचले, पण चालवणारी शिकलेली माणसं नसल्याने ते पडून राहिले. "खाट रिकामी दिसते, मग देत का नाही?" असं आपण विचारतो तेव्हा अनेकदा खाट असते, हात नसतात.

तीन प्रश्न

आयसीयूच्या दाराशी डॉक्टर जो विचार करतो त्यात, माझ्या समजुतीप्रमाणे, तीन प्रश्न असतात आणि ते क्रमाने येतात.

पहिला प्रश्न: या रुग्णाला असं काही हवं आहे का, जे वॉर्डात देता येणार नाही? श्वास यंत्राने द्यावा लागेल का, रक्तदाब औषधाशिवाय टिकत नाही का, शुद्ध अचानक हरपत चालली आहे का, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मिनिटामिनिटाला लक्ष ठेवावं लागेल का? उत्तर नाही असेल तर आयसीयू नको. नातेवाइकांना हे पटत नाही. "आत असला म्हणजे जास्त चांगलं" असं वाटतं. पण आयसीयूत जाणं फुकट नसतं, आणि हे मी पैशांबद्दल म्हणत नाही. तिथे जंतुसंसर्गाचा धोका जास्त. दिवस-रात्रीचं भान सुटून म्हातारी माणसं भ्रमात जातात. काही दिवस निपचित पडल्यावर स्नायू इतके झिजतात की उठून बसायला महिने लागतात.

दुसरा प्रश्न: ते दिल्याने फरक पडेल का? सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो. आपल्याला वाटतं, जो सगळ्यात जास्त आजारी तो पहिला आत. प्रत्यक्षात डॉक्टर शोधत असतो तो असा रुग्ण, जो आयसीयूशिवाय जाईल आणि आयसीयूमुळे वाचेल. नुसत्या गंभीरपणावरून ते ओळखता येत नाही.

आपल्या भागातली उदाहरणं घेतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. दंश बारीक, सूज जवळजवळ नाही. काही तासांनी पापण्या मिटायला लागतात, बोलणं जड होतं, मग श्वास थांबतो. अशा वेळी रुग्ण हलत नाही, डोळे उघडत नाही. पाहणाऱ्याला तो गेल्यातच जमा वाटतो. पण विषाने फक्त स्नायूंना येणारा निरोप अडवलेला असतो. व्हेंटिलेटर लावून काही दिवस श्वास देत राहिलं, तर तो माणूस चालत घरी जाऊ शकतो. आयसीयूवर त्याच्याइतका हक्क दुसऱ्या कोणाचा नाही.

दुसरं उदाहरण कपाशीच्या फवारणीचं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा देशभर चर्चा झाली. पण कीटकनाशकाचे रुग्ण वऱ्हाडातल्या दवाखान्यांना नेहमीचेच आहेत. यातल्या ऑरगॅनोफॉस्फरस जातीच्या विषाची एक फसवी तऱ्हा आहे. पहिल्या दिवशी ॲट्रोपिन दिल्यावर रुग्ण सुधारतो, बोलतो, घरचे निर्धास्त होतात. मग एक ते चार दिवसांच्या दरम्यान कधीतरी त्याला उशीवरून मान उचलता येत नाही. ही मान म्हणजे धोक्याची घंटा. तिच्यामागोमाग श्वासाचे स्नायू बसतात. म्हणून बोलत असलेल्या, चहा मागणाऱ्या या रुग्णाला डॉक्टर आयसीयूत ठेवतो, आणि शेजारच्या खाटेवर धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्याचे नातेवाईक रागाने बघत राहतात.

अमेरिकेतल्या क्रिटिकल केअर तज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ साली या विचाराच्या चार श्रेणी केल्या होत्या. पहिलीत तातडीने अवयवांना आधार लागणारे आणि सुधारण्याची आशा असलेले. दुसरीत आज ठीक, पण केव्हाही कोसळू शकतील असे. तिसरीत गंभीर, पण मूळ आजारामुळे सुधारण्याची शक्यता कमी असलेले. चौथ्या श्रेणीत दोन टोकं एकत्र होती: आयसीयूची गरजच नाही इतके बरे, आणि आयसीयूचा उपयोग नाही इतके आजारी. आपल्याला ही दोन माणसं एकमेकांपासून सगळ्यात लांब वाटतात. दाराशी उभ्या डॉक्टरला दोघांबद्दल एकच गोष्ट दिसते, की आत नेऊन काही बदलणार नाही.

तिसरा प्रश्न: खाट किती, आणि रांगेत आणखी कोण? हा प्रश्न रुग्णाच्या शरीराबद्दल नाहीच. तोच रुग्ण एका महिन्यात आत जाईल, दुसऱ्या महिन्यात नाही. पहिले दोन प्रश्न वैद्यकाचे, तिसरा वाटपाचा. वाटप आलं की न्याय आला.

आकडे आणि त्यांची मर्यादा

डॉक्टर हे नुसत्या अंदाजाने ठरवतात का? अगदी तसंही नाही. १९८५ साली अपाचे-दोन नावाची गुणपद्धती आली. १९९६ मध्ये सोफा आली. सोफात सहा गोष्टी तपासतात: श्वास, रक्तदाब, यकृत, मूत्रपिंड, रक्त गोठण्याची क्षमता आणि शुद्ध. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण चोवीस. इथे जास्त गुण म्हणजे जास्त बिघाड. शाळेच्या उलट.

दुसरी मोजणी थकलेपणाची. कॅनडातल्या संशोधकांनी केलेल्या नऊ पायऱ्यांच्या मोजपट्टीत वय विचारत नाहीत. आजारी पडण्यापूर्वी माणूस काय करत होता ते विचारतात. शेतात जात होता? बाजारहाट करत होता? जिना चढत होता? आंघोळ स्वतः करत होता? मोठेबाबांना मी या पट्टीवर बसवलं तेव्हा ते सहाव्या पायरीवर निघाले. दवाखान्यात डॉक्टर "आधी कसे होते? चालत होते का?" असं विचारतो तेव्हा आपल्याला वाटतं, आता कसे आहेत ते बघायचं सोडून हा जुन्या गोष्टी काय उकरतो! खरं तर सगळ्यात कामाचा प्रश्न तोच असतो. आम्ही त्या रात्री भीतीपोटी सांगितलं होतं, "चांगले हिंडत-फिरत होते."

मात्र हे आकडे घोळक्याबद्दल सांगतात, एका माणसाबद्दल नाही. शंभरांपैकी किती वाचतील याचा अंदाज मिळतो. समोरचा त्या शंभरांतला कुठला हे कळत नाही. शिवाय मोजपट्टी चुकीच्या जागी लावली तर अन्याय होतो. मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेने आयसीयूसाठी हीच थकलेपणाची पट्टी सुचवली. लगेच अपंगांच्या संघटनांनी विचारलं, की जन्मापासून आधार लागणारा पण एरवी ठणठणीत तरुण यात मागे पडणार का? काही दिवसांतच दुरुस्ती झाली: पासष्टच्या आतल्यांना आणि कायमचं पण स्थिर अपंगत्व असलेल्यांना ही पट्टी लावू नये.

खाट एक, रुग्ण दोन

रुग्णांची निवड करण्याच्या कामाला ट्रायाज म्हणतात. शब्द फ्रेंच, अर्थ निवडणं, वेगळं करणं. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यचिकित्सक लॅरे याने नियम घातला, की जखम किती घातक ते बघून क्रम लावायचा, हुद्दा बघून नाही. सेनाधिकाऱ्याआधी शिपाई उचलला जाऊ शकतो. त्या काळी ही मोठीच गोष्ट होती.

हुद्दा बाजूला ठेवणं किती अवघड असतं ते अमेरिकेतल्या सिॲटल शहरात दिसलं. १९६० मध्ये तिथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांच्या शोधामुळे दीर्घकाळ डायलिसिस करणं शक्य झालं. यंत्रं थोडी, रुग्ण पुष्कळ. निवडीसाठी सात नागरिकांची समिती नेमली. त्यात वकील होता, धर्मोपदेशक होता, बँकवाला होता, गृहिणी होती. समितीने रुग्णाचं उत्पन्न, लग्न, मुलं, शिक्षण, चर्चला जाणं असलं सगळं विचारात घेतलं. नोव्हेंबर १९६२ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात हे छापून आलं आणि गदारोळ झाला. कोणाचं आयुष्य समाजाच्या जास्त कामाचं, हे ठरवणारे आपण कोण? त्यानंतर वैद्यकीय नीतीच्या अभ्यासात सामाजिक योग्यतेचा निकष जवळपास बाद झाला. १९७२ मध्ये अमेरिकी संसदेने मूत्रपिंडाच्या रुग्णांचा खर्च सरकारी विम्याखाली आणला, तेव्हा कुठे ती निवड थांबली.

मार्च २०२० मध्ये इटलीतल्या भूल व अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने, वेळ आली तर वयाची मर्यादा घालावी लागेल असं लिहिलं. त्यावरही टीका झाली. पण त्या लिहिण्यामागचं कारण विचार करण्यासारखं होतं: निर्णय घ्यावा लागणारच असेल, तर रात्री तीन वाजता एकट्या डॉक्टरवर तो का सोडायचा? निकष आधी आणि उघड ठरलेले असावेत.

आपल्याकडे केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने २०२३ च्या अखेरीस २४ तज्ज्ञांच्या मदतीने आयसीयूत दाखल करण्याची आणि तिथून हलवण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. अवयव निकामी होणं, त्याला आधार लागणं किंवा तब्येत ढासळण्याची शक्यता हे दाखल करण्याचे मुख्य निकष. रुग्णाने किंवा जवळच्या नातेवाइकाने समजून-उमजून नकार दिला, रुग्णाची आधीच तशी लेखी इच्छा असली, किंवा शेवटच्या टप्प्यातल्या आजारात उपचाराचा उपयोग नाही असं वैद्यकीय मत झालं, तर दाखल करू नये. आणि साथीत किंवा आपत्तीत साधनं कमी पडली, तर कमी प्राधान्याचे रुग्ण मागे राहू शकतात. हा कायदा नाही, सल्ला आहे. शिवाय तो आला २०२३ मध्ये. आमचा तरुण डॉक्टर २०२१ मध्ये उभा होता.

दारापर्यंत पोचण्याआधी

दुसऱ्या लाटेची राज्यातली पहिली धडक आपल्या वऱ्हाडात बसली. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यावर अमरावतीतले आकडे झपाट्याने चढले आणि २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती व अचलपूर शहरांत टाळेबंदी लागली. देशात बऱ्याच ठिकाणी तेव्हा साथ संपली असं समजून लग्नं उरकली जात होती. एप्रिलमध्ये नागपुरात खाटा मिळेनाशा झाल्या तेव्हा तिथले रुग्ण अमरावतीकडे येऊ लागले. एरवी वऱ्हाडातला रुग्ण नागपूरला 'रेफर' होतो. त्या महिन्यात रस्ता उलटा वाहिला.

विभागाचं मुख्यालय असलेल्या अमरावतीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळालं ते २०२४ मध्ये. अकोल्याचं २००२ पासूनचं. म्हणजे साथीच्या वेळी पाच जिल्ह्यांच्या विभागात सरकारी महाविद्यालयं दोन होती, अकोला आणि यवतमाळ. तिसरा प्रश्न, खाट किती, याचं उत्तर त्या रात्रीच्या डॉक्टरच्या हातात नव्हतं. ते कित्येक वर्षं आधी कुठल्यातरी अंदाजपत्रकात लिहिलं गेलं होतं.

आयसीयूच्या दाराशी जे पोचतात त्यांच्यातून डॉक्टर निवडतो. पण पोचतात कोण? मेळघाटात धारणीपासून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, त्यातला बराच रस्ता घाटाचा आणि जंगलाचा. मण्यार चावलेल्याला श्वास बंद पडण्याआधी हे अंतर कापायचं असतं. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या व्हेंटिलेटरसह प्रगत उपचाराच्या २३३, बाकी ७०४ प्राथमिक आधाराच्या. अख्ख्या राज्याला २३३. म्हणूनच धारणीजवळ उतावली इथे डॉ. आशिष सातव यांच्या महान संस्थेने जंगलातच गंभीर रुग्णांवर उपचाराची सोय केली, याचं मोल मला फार वाटतं. खाट रुग्णाकडे सरकली की दीडशे किलोमीटरची चाळण नाहीशी होते.

दुसरी चाळण पैशांची. २१ मे २०२० च्या आदेशाने राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधले: साधा विलगीकरण वॉर्ड दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. आदेश रुग्णांच्या भल्याचाच होता. तरी व्हेंटिलेटरवरचे दहा दिवस म्हणजे नव्वद हजार, महागडी औषधं वेगळी. राजीव गांधी जीवनदायी योजना, म्हणजे आजची महात्मा फुले जन आरोग्य योजना, २ जुलै २०१२ ला ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात अमरावती होता. तिचा आधार अनेकांना मिळाला. पण कार्ड घरी राहिलं, योजनेतलं रुग्णालय कुठलं ते ठाऊक नसलं, की रात्रीच्या वेळी माणूस जे पहिलं दार उघडेल तिथे आगाऊ रक्कम भरतो.

"खाट नाही" म्हणून परत पाठवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल प्रत्येकाला माहीत असावा असा आहे. जुलै १९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख नावाचा माणूस रेल्वेतून पडून डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी सोय किंवा खाट नाही म्हणून त्याला परत पाठवलं. अखेर खासगी रुग्णालयात उपचार झाले. त्याची बाजू घेऊन पश्चिम बंग खेत मजदूर समिती न्यायालयात गेली. सरकारी रुग्णालयाने वेळेवर तातडीचे उपचार नाकारणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, पैसे नाहीत हे सरकारचं कारण चालणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं आणि २५,००० रुपये भरपाई दिली. याचा अर्थ प्रत्येकाला आयसीयूची खाट मिळेलच असा नाही. पण तपासणं, श्वास आणि रक्तदाब सावरणं, कुठे पाठवायचं ते बघून देणं, ही जबाबदारी खाट नसली तरी संपत नाही. २०२३ ची तत्त्वंही सांगतात, की खाटेची वाट पाहणाऱ्या रुग्णाची नाडी, रक्तदाब, श्वासाचा वेग, ऑक्सिजन, लघवीचं प्रमाण आणि शुद्ध यांवर लक्ष ठेवलंच पाहिजे.

आत गेल्यावर

आत घेणं जितकं अवघड, तितकंच बाहेर काढणंही. सुधारलेला रुग्ण वॉर्डात हलवला की दुसऱ्याला खाट मिळते, पण घरच्यांना वाटतं आपल्या माणसाला हाकललं. आणि जो सुधारत नाही त्याचं काय? आपल्याकडे अनेकदा हा निर्णय पैसे घेतात. रक्कम संपली की कागदावर सही होते, "स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत," आणि गाडी गावाकडे निघते. वैद्यकीय उपयोग संपला म्हणून नव्हे, शेत गहाण पडलं म्हणून.

याला एक बरा पर्याय काही डॉक्टर वापरतात: मुदतीचा प्रयत्न. आधीच सांगायचं, की आपण दोन-तीन दिवस सगळे उपचार करू. अमुक सुधारलं तर पुढे जाऊ, नाही तर पुन्हा बसून बोलू. उपयोग नसलेले उपचार थांबवण्याची कायदेशीर वाटही आता आहे. ९ मार्च २०१८ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ लेखी इच्छा यांना मान्यता दिली. सुरुवातीची प्रक्रिया फार किचकट होती. २४ जानेवारी २०२३ ला ती सुटसुटीत केली. आता दोन साक्षीदारांसमोर लिहिलेली इच्छा नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित करता येते.

सांगणं

हे सगळं वाचून झाल्यावर गेल्या वर्षी मी चुलतभावाला गाठलं. सांगितलं, की मोठेबाबांना नळी घातली असती तरी ती पुन्हा निघण्याची आशा फार थोडी होती. त्या बाईला होती. तिच्याजागी आपली बहीण असती तर आपण डॉक्टरला हेच करायला सांगितलं असतं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मंग हे तवाच सांगतलं असतं तं?"

माझ्या मते सगळा मुद्दा इथे आहे. त्या डॉक्टरचा निर्णय बरोबर होता असं आज मला वाटतं. न सांगणं बरोबर नव्हतं. त्याच्यावरही माझा राग नाही. त्या रात्री त्याच्यामागे आणखी कितीजण उभे होते ते मी पाहिलं आहे. पण कारण न सांगता घेतलेला योग्य निर्णय आणि वशिल्याने घेतलेला अयोग्य निर्णय बाहेरच्या बाकावरून अगदी सारखे दिसतात. दवाखान्यांत डॉक्टरांवर हात उचलले जातात त्यामागे ही न सांगितलेली कारणं किती असतील, याचा विचार रुग्णालयांनी करायला हवा. निकष भिंतीवर मराठीत लावावेत, नकार देताना दुसऱ्या एका वरिष्ठाचं मत घेऊन कागदावर दोन ओळी लिहाव्यात, आणि आयसीयू नाही म्हणजे उपचार नाहीत असं नव्हे हे शब्दांत सांगावं. मोठेबाबांना वॉर्डात ऑक्सिजन होता, धाप कमी करणारं औषध होतं, आणि शेवटच्या दिवशी आम्हाला त्यांच्याजवळ बसू दिलं होतं. आयसीयूत हे मिळालं नसतं. त्या वेळी आम्ही ते मोजलंच नाही.

आपल्या बाजूनेही काही करता येतं. दाराशी उभं असताना चार गोष्टी विचाराव्यात. यांना आयसीयूत असं काय मिळेल जे इथे मिळत नाही? त्याने सुधारण्याची आशा किती? आत घेतलं तर किती दिवसांनी पुन्हा ठरवायचं? आत घेतलं नाही तर इथे काय काय करणार? आणि डॉक्टरने माणूस आधी कसा होता असं विचारलं, तर खरं सांगावं. आम्ही ते केलं नव्हतं.

मी माझ्यापुरतं एक काम केलं आहे. मला केव्हा आत न्यायचं आणि केव्हा नाही, ते एका कागदावर लिहून बायको-मुलांना वाचून दाखवलं. बायको चिडली, दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी तो कागद घेऊन तिने आरोग्य योजनेच्या कार्डाच्या पिशवीत ठेवला. नोटरीकडे जायचं अजून बाकी आहे. दिवाळीला सगळे गावी जमतील, तेव्हा भावाच्या घरीही हा विषय काढणार आहे.